तोंड

सेलूच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या शेजारी
माझं सात बाय नऊचं दुकान.
लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स,
आणि रात्री साडेदहाला येणारा फोन :
“आण्णा गेले. सकाळी नऊला चौकात पायजे.
फोटो पाठवायलो, मागचा पंखा काढून टाक.”
मी पंखा काढतो.
बोटांतली पुडीसुद्धा काढतो, न सांगता.

एवढीच माझी कला होती, तोवर
प्रयागबाई खटिंग आल्या,
स्टीलचा डबा थेट कीबोर्डवर ठेवला.
“कारळाची चटणी हाय, बचत गटाची.
हिला एक तोंड काढून द्या.”

पहिल्या रात्री मी नेटवरून एक बाई घेतली,
नाकात नथ, हातात मुसळ.
प्रयागबाईंनी चष्मा पुसून पाहिलं.
“हिनं कधी कांडलंय का जन्मात?
मुसळ लाटण्यासारखं धरलंय बघा.”

मग मी माझ्या मनाचं केलं.
पांढरीशुभ्र डबी, काळी बारीक अक्षरं,
भोवती मोकळी जागा, श्वास घ्यायला.
इतकं देखणं काम मी आधी केलं नव्हतं, खरं सांगतो.
मोबीननं थैलीत साठ डब्या भरल्या
आणि लुनावर निघाला,
मानवत, पाथरी, बोरी, जिंतूर.
मोबीन नेमकं काय काम करतो
हे मला तोवर माहीत नव्हतं.
मला वाटायचं, बोलतो.

तिसऱ्या दिवशी आला. थैलीत सत्तावन्न.
तांब्याभर पाणी प्याला, मग म्हणाला,
“पाथरीत कुठं ठेवली व्हती माहितंय?
दंतमंजनाच्या रांगेत.
एका म्हातारीनं दात घासले.
म्हणती, तिखट हाय जरा.”

प्रयागबाई तोंडाला पदर लावून हसल्या.
मी फॉन्टचं नाव सांगू लागलो.
“भाऊ, तुझं अक्षर खुर्चीत बसून वाचायचं हाय,”
मोबीन म्हणाला. “माझं गिऱ्हाईक उभं असतंय.
काखेत पोरगं, हातात तेलाची पिशवी,
आन् यष्टी हॉर्न मारायली.
त्याला वाचायचं नसतंय. वळखायचं असतंय.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला विचारलं,
दुकानात उजेड कुठून येतो,
हात कुठवर पोचतो, शेजारी कोणते रंग असतात.
त्याला सगळं पाठ होतं.
बोरीची ट्यूब लुकलुकते.
जिंतूरला काउंटरवर मांजर झोपतं, खालचं दिसत नाही.
लाल करू नको, लाल सगळा मसालेवाल्यांनी घेतलाय.

भाकरी काढायला चार दिवस लागले.
प्रयागबाई रोज एक ताजी आणून ठेवायच्या,
मी पोपडा बघायचो, करपलेले ठिपके मोजायचो,
दुपारी मॉडेल खाऊन टाकायचो.
पाकिटावर ज्वारीची अख्खी भाकरी,
मधोमध गोल खिडकी,
खिडकीतून खरी चटणी, काळीभोर.
खाली एकच शब्द : प्रयागची.

“वास यायला पायजे,” मोबीन म्हणाला.
मी म्हटलं, तसली शाई प्रिंटरला नसते.
तर हा पठ्ठ्या डब्यात भाकरीचे तुकडे घेऊन निघाला,
दर काउंटरवर एकेक चारायला.
लोक तोंडातला घास चावत
पाकिटावरच्या भाकरीकडे बघायचे,
हीच का ती, अशा नजरेनं.

परवा मानवतच्या बाजारात
एका माणसानं वाचायचा प्रयत्नही न करता बोट केलं,
“ते भाकरीचं द्या.”
मी शेजारीच होतो.
त्याला काही सांगावं असं फार वाटलं.
मग मीपण एक पाकीट घेतलं, वीस रुपये देऊन.
दुकानदार म्हणाला, “चटणी झकास हाय.”
लेबलाचं कुणी काही बोललं नाही.

रात्री साडेदहाला फोन.
“मामा गेले. सकाळी नऊला चौकात.
फोटो पाठवायलो.”
पंखा काढतो, मी म्हणतो. पण एक सांगा,
सकाळी नऊला चौकात
माणसं कोणत्या बाजूनं येतात?

पलीकडं जरा वेळ कुणी बोलत नाही.
“स्टँडकडून. का?”