रुग्ण शांत. सहकार्य करते.

किनवटच्या सरकारी दवाखान्यात मे महिन्यातली नाइट.
कूलरला पाणी नव्हतं,
आणि खाट नंबर सातवर झमकीबाई,
तांड्यावरून जीपमध्ये आडवी घालून आणलेली,
अंगात एकशे तीन ताप.

बीपीचा पट्टा दंडाला बसेना.
कोपराच्या वर, पार बगलेपर्यंत पांढऱ्या बांगड्या,
मक्याच्या दाण्यांसारख्या दाटीनं.
मी म्हटलं, काढा.
ती बोलली काहीतरी. मला कळलं नाही.
मी पुन्हा म्हटलं, काढा, या वेळी मोठ्यानं.
मोठ्यानं बोललं की भाषा कळते,
असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

मग प्लास्टर कापायची कात्री आणली.
तेरा बांगड्या. तेरा वेळा कट्ट.
तिनं हात ओढला नाही,
फक्त तोंड भिंतीकडे केलं.
पट्टा बसला. नव्वद बाय साठ.
सलाइन लावलं, रजिस्टरात लिहिलं:
रुग्ण शांत. सहकार्य करते.

पहाटे रहेमतबी फरशी पुसायला आली,
ट्रेमधले तुकडे बघून पोछा टेकवून उभी राहिली.
‘ये क्या करे सिस्टर?
मरद मरे बादच उतारते ये.’

आणि तिचा मरद तर बाहेर,
अँब्युलन्सच्या आडोशाला,
चहाची पिशवी गार होऊ नये म्हणून
पोटाशी धरून बसलेला.

तो आत आला. लच्छू राठोड, सत्तरीचा, लाल फेटा.
बायकोच्या उघड्या दंडाकडे बघत राहिला.
तिथली कातडी पन्नास वर्षं ऊन न लागलेली,
लेकराच्या तळव्यासारखी.
मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून
मला विचारलं, अगदी हळू, मराठीत,
‘बघा बरं बाई, मी हाय का?’

लातूरला कॉलेजात एक धडा होता,
रुग्णाच्या श्रद्धांचा आदर. पाच मार्कांचा.
मला साडेचार पडले होते.
पट्टा मांडीलाही बांधता येतो,
हेही त्याच पुस्तकात होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला.
मी खाटेशी टेकले. चुकलं, म्हटलं.
माफीसुद्धा मराठीतच, दुसरी येत नव्हती.
तिनं माझं मनगट धरलं,
ड्यूटीवर बांगडी नको, घड्याळ नको, म्हणून मोकळं.
जिथं काहीच नव्हतं तिथं अंगठ्यानं चोळलं
आणि रहेमतबीला काही बोलली.
रहेमतबी हसली, मग हसायची थांबली.
‘पूछ रई,
इत्ती उमर में तेरे हात के कौन उतारे?’

म्हणजे तीन दिवस
ती माझ्यासाठी हळहळत होती.

तुकडे लच्छूबापूनं रुमालात बांधून नेले.
कुठं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

दिवाळीनंतर बाळंतपणाला एक पोरगी आली,
दुसऱ्या तांड्यावरची, दंडात तसाच चुडा.
मी तयारीनं गेले. स्टूल ओढलं,
रहेमतबीकडून घोकलेल्या तिच्या बोलीत विचारलं,
हे राहू दे ना? पट्टा पायाला बांधते.
ती कळ दाबत म्हणाली,
‘मॅडम, मराठीत बोला की, मी बी.एस्सी. करायले.
आणि हे काढा आधी, लई टोचायलंय,
सासूच्या हौसेसाठी घातलंय.’
दारातून सासूनं डोळे वटारले.
दोघींच्या मधे मी,
हातात पट्टा, डोक्यात कोरी पाटी.

परवा मे महिन्याचं रजिस्टर काढलं.
खाडाखोड करू नये,
चुकलं तर एक रेघ मारून सही करावी,
असा नियम आहे.
‘शांत’वर रेघ मारली. सही केली.
त्याच्या पुढं काय लिहावं ते सुचेना.

तेवढ्यात वॉर्डातून कुणीतरी हाक मारली.
कोलामी होती की तेलुगू, ओळखता आली नाही.
पेन तसंच उघडं ठेवून
मी गेले.