चुरा

इथल्या भाषेत बेडकाला चुरा म्हणतात.
शेकिओन्डोने पहिल्या रात्री सांगितलं तेव्हा मी हसले,
आणि का हसले ते त्याला सांगता येईना.
आधी पोळीचा, मग लाडवाचा,
मग डब्याच्या तळाशी उरलेल्या बिस्किटांचा चुरा
स्वाहिलीत आणावा लागला असता.
एक असेल तर चुरा, तो म्हणाला, जास्त असतील तर व्युरा.
तुम्हाला किती हवेत?

मला एकच हवा होता.
जर्मनीतल्या एका तळघरात, बरणीत,
तो एकशे अकरा वर्षं बसून आहे,
रंग उतरून उकडलेल्या बटाट्यासारखा.
मांडीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
उसांबारा. डोंगरात. दाट रान.
कुठला डोंगर, किती उंचीवर, कुणाच्या ओंजळीत सापडला?
चिठ्ठी लहान होती
आणि साहेबाचं नाव लांबलचक.

वर्णन मला पाठ आहे.
अंगठ्याच्या नखाएवढा. कानाचा पडदा दिसत नाही.
बोटांची टोकं बोथट, कुणी कात्रीने सारखी केल्यासारखी.
त्याला डबकं लागत नाही, ओढा लागत नाही.
कुजक्या पानांखाली अंडी, अंड्यांवर मादी,
शेपटीचं बालपण आतल्या आत उरकून
पिल्लू बाहेर येतं ते बेडूक होऊनच.
म्हणून पाणी त्याला कुठे वाहून नेत नाही.
म्हणून तो जिथे आहे तिथेच आहे.

क्वेम्सालाच्या धारेवर तिसऱ्या रात्री मिळाला.
टिक्. टिक्. टिक्.
आठ दिवसांनी गोंजाईच्या धारेवर तसाच दुसरा,
तीच बोथट बोटं, तोच नखाएवढा जीव,
पण आवाज शेवटी वर जाणारा: टि–ईक्?
दोन धारांच्या मध्ये चहा.
कापून काढलेल्या, भांग पाडलेल्या टेकड्याच टेकड्या.

नामकुंडा तिथे पानं खुडते, शेकिओन्डोची मावशी.
मी फोनवरचं ध्वनिमुद्रण तिला ऐकवलं,
तिने हातातली पानं पाठीवरच्या टोपलीत टाकली आणि म्हणाली,
हे काय एक आहेत?
आमच्या बाजूचा मोजत असतो.
पलीकडचा विचारत असतो.
आणि मधे?
मधे चहा आहे, ती म्हणाली. चहात कोण बोलणार?

चौदा महिन्यांनी प्रयोगशाळेने तेच कळवलं,
सहा टक्के फरक, तीन तक्ते, एक आलेख.
दोन जाती, तर मग जुनं नाव कुणाचं?
नाव बरणीतल्याचं.
आणि बरणीतला ना मोजतो, ना विचारतो.
नडगीची लांबी दोघांच्या बरोबर मधली.
ऊतींत वाचण्याजोगं काही राहिलेलं नाही.

क्वेम्सालाचाच आहे तो, शेकिओन्डो म्हणाला,
जणू छत्री कुणाची ते सांगत होता.
साहेबाच्या पेट्या माझ्या आजोबांनी वाहिल्या.
बेडूकही त्यांनीच धरले, साहेब चिखलात उतरत नसे.
आणि आजोबा गोंजाईला कधी पाय ठेवत नसत.
तिकडे त्यांची सासुरवाडी.
लग्नातल्या चार शेळ्या द्यायच्या राहिल्या होत्या.

नकाशा करायला बसले.
संगणकाने दिलेला सगळ्यात लहान ठिपका ठेवला
तरी त्याखाली अख्खं रान झाकलं जात होतं,
कडेचा थोडा चहासुद्धा.
दोन ठिपके. बाकी कागद कोरा.
बाजूला कपात तळाशी बसलेला चुरा.
आता सांगता आलं असतं त्याला मी का हसले होते,
पण आता हसू येत नव्हतं.

निबंधात लिहिलं:
मूळ नमुन्याचं स्थळ, क्वेम्साला.
आधार, तोंडी माहिती, शेकिओन्डो.
कारण, शेळ्या.

परीक्षकाने समासात विचारलं, नेमक्या किती?
मी चार लिहिणार तेवढ्यात
शेकिओन्डोने खांद्यावरून वाकून पाहिलं.
दोन लिही, तो म्हणाला.
दोन बाबांनी फेडल्या.