वाढत्या अंगाचं

मदामच्या रस्त्याला, वाळू जिथे डांबरावर चढते,
गुलरेझच्या शेडमध्ये मी सवयीनेच म्हणालो,
"एकशेपंचवीस दाखवा. वाढत्या अंगाचा आहे."

शाळेचे शर्ट असेच घेतले, चार बोटं ढगळ,
बुटांच्या टोकात कापूस.
चिपळूणचा फ्लॅटही असाच, पुढे लागेल म्हणून;
अठरा वर्षं कुलूप.

निषाद चढला. चवडे हवेत.
गुलरेझने काही न बोलता गाडी वाळूत आडवी केली.
"उचल."
पोराने दातओठ खाल्ले, मानेची शीर तटतटली,
हँडल वीतभर उठलं, पुन्हा पडलं.

मग पंच्याऐंशी. मोठ्या चाकांची, एका अंगाने खरचटलेली.
ती उठली.
दोन्ही चवडे टेकले, टाचा जराशा वर.

"वर्षभरात लहान होईल," मी.
"मग वर्षाने या. टेकाडावर
आजचा पोरगा जाणार आहे."

मी दिरहम मोजले, दोनदा.
बाहेर निषाद किक मारत होता,
इंजिन खोकायचं, विझायचं,
तो मारत होता.

सहज माझ्या पायांकडे पाहिलं:
सँडल एक नंबर मोठी.
कधीपासून, कोण जाणे.