खवल्याची फांदी

मखमलाबाद रस्त्याच्या नर्सरीत थेटे म्हणाला, मोरपंखी आहे,
ऐंशी रुपये, कुंडीसकट.
आणलं, आणि सातपूरच्या गाळ्यात
काउंटरवर ठेवलं, वजनकाट्याशेजारी,
जिथून जळक्या मोटारींचा वास
पंखा लावूनही जात नाही.

हात लागला की टोचायचं.
मोरपंख कुठे टोचतो?
पण ऐंशी रुपयांत कोण वाद घालतो.

मग एका गुरुवारी कुमुद गायधनी आल्या,
पिशवीत मिक्सर, मिक्सरला चटणीचा वास.
कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, हे नंतर कळलं.
आधी कळलं ते इतकंच, की या बाई
दर विचारण्याआधी पान चुरगळून हुंगतात.

"मोरपंखी नव्हे हो.
तिची डहाळी चपटी, इस्त्री केल्यासारखी.
हे ज्युनिपर. मोजा, एका पेराला किती सुया?"
मोजल्या. तीन.
वरच्या पेराला पुन्हा तीन.
तीस वर्षं तीन फेजच्या मोटारी भरतोय,
मला हसूच आलं.

"तरणं आहे अजून, म्हणून सुया.
वय झालं की खवले येतात,
वळलेल्या दोरीसारखे, न टोचणारे."
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आतून
बोटभर डहाळी शोधून काढली.
"ही बघा. हिला आधी कळलंय."

जाता जाता दारातून:
"आणि आत कशाला कोंडलंय त्याला?
हे झाड मेलं तरी महिनाभर हिरवं दिसतं,
पत्ता लागायचा नाही तुम्हाला."

त्या वळल्या, आणि मी नखाने
खोडाची साल जवभर खरवडली.
ओली निघाली.
दारासमोरचे रिकामे ड्रम हलवले,
सकाळचं ऊन पडतं ती जागा मोकळी केली.

तार माझ्याकडे हवी तेवढी.
पिंपळगावच्या विहिरीवरची साडेसातची मोटार
ऐन छाटणीत जळाली होती,
तिचं तांबं पुन्हा लाल करून ठेवलं.
तापलेलं तांबं मऊ पडतं,
एकदा वळवलं की ताठरतं,
तिथेच पुन्हा पुन्हा वळवलं तर मोडतं.
हे मला कुणी शिकवलं नाही, बोटांना माहीत आहे.

निफाडकडची थंडी गाळ्यात शिरली त्या आठवड्यात
खालच्या फांदीला पीळ दिला,
कॉइलसारखा अंगाला अंग लावून नाही, सुटा सुटा.
हिरामण बघत होता. सुरगाण्याचा पोरगा,
दोन वर्षं झाली माझ्या हाताखाली.
"आमच्या कड्यावर करवंदीला वारा असंच करतो, शेठ.
पण फुकट."

हौसेने शेंडाही कापला. जरा जास्तच.
फेब्रुवारीत खवल्याच्या फांदीला
परत सुया फुटल्या.
बाईंना फोन केला.
"घाबरलं की लहान होतं ते.
आता कात्री लावू नका. वर्ष जाईल, दोन जातील."
फोन ठेवून मी बराच वेळ
पान्हे लावत बसलो, आठपासून बत्तीसपर्यंत.

जूनमध्ये तार सालीत रुतायला लागली.
ती उलगडायची नसते,
कटरने जागच्या जागी तोडायची.
हिरामणने तुकडे वेचून काट्यावर टाकले:
अकरा ग्रॅम.
फांदी मोकळी झाली तशी
दोन बोटं वर आली.
हात गेला होता दाबायला.
मग म्हटलं, असू दे, तेवढं तिचं.

थेटेची चिठ्ठी अजून कुंडीला लटकलेली आहे,
मोरपंखी, ऐंशी.
कुणी वाचून म्हणालं, हो ना, मोरपंखीच,
तर मी स्क्रू आवळता आवळता
मान वर न करता म्हणतो,
मोजा.