निचिवो

निरगुडेच्या काठी कोळसा शोधायला
बोअरचं मशीन आलं त्या साली
मशीनसंगं एक रशियन आला, गेन्नादी.
माझा बाप, नत्थू मत्ते, त्याच्या हाताखाली
पाइप जोडायला, रोजीनं.

दुभाष्या मंगळवारी यायचा,
बाकी सहा दिवस एकाच शब्दावर निघायचे.

ड्रिलचा दात तुटला – निचिवो.
जीप काळ्या मातीत रुतली,
मुरारच्या बैलांनी ओढून काढली – निचिवो.
बापानं डब्यातला ठेचा दिला.
डोळ्याला धार, कानशिलं लाल,
हात हलवत म्हणे निचिवो, निचिवो
आणि उरलेली भाकर पुढे केली, अजून वाढ म्हणून.
बाप घरी येऊन आईला म्हणाला,
"बरं असन तरी तेच, बेकार असन तरी तेच.
सस्ता शब्द आहे. एक घेतला का सालभर पुरते."

एकदा त्याला पत्र आलं.
वाचलं, घडी केली, खिशात घातलं.
बापानं नुसती मान उडवली. काय झालं?
तो मशीनकडे पाहत राहिला.
मग तोच शब्द,
पण दोनशे फुटांवरचा नमुना नळीतून यावा
तसा, ओला, थंड.
बापानं बिडी पेटवून दिली.
दुभाष्याला त्या मंगळवारी काही विचारलं नाही.

आमच्या शिवारात कोळसा लागला नाही.
मशीन गेलं, गेन्नादी गेला.
म्हैस आटली तेव्हा बाप म्हणाला, निचिवो.
आई म्हणाली, "मशीनसंगं हे बी धाडून द्यायचं होतं."

आता माझा पोरगा तिकडेच डॉक्टरकी शिकतो.
फोनवर मला शिकवतो :
लिहिताना 'ग', बोलताना 'व'.
मूळ अर्थ 'काही नाही', तोही षष्ठीत.
कुणाचा धक्का लागला, 'असू दे'.
तब्येत विचारली, 'ठीक'.
पोरगी छान दिसली,
तर तेच, पण जरा लांबवून.
"आजोबाचं बरोबर होतं का रे?"
"उच्चार बरोबर होता."

मग मी विचारलं, "कसं आहे बावा तिकडे?"
जरा थांबून म्हणाला, "निचिवो."
मी फोन कानाला दाबून धरला,
किती फुटांवरून आला ते मोजत.

"आन तू? आवाज असा काऊन येते तुझा?"
"काई नाई," मी म्हटलं,
"तूर सोंगणं चालू आहे. धूळ उडते."