देठ

ऋजूचं डोकं पन्नास सेंटिमीटर.
चौदाव्या महिन्यात.
कणकवलीच्या डॉक्टर पडत्यांनी दोनदा टेप फिरवला,
तक्त्यावरच्या सगळ्या रेघांच्या वर एक ठिपका दिला,
मग तोच टेप माझ्या कपाळाभोवती गुंडाळून हसले.
"कारखाना सापडला," म्हणाले.
खरं आहे. माझ्या लग्नात मुंडावळ्या पुरेनात,
मामाने परकराची नाडी जोडली होती.

बाकी सगळं ठीक. फक्त मान
अजून त्या ओझ्याशी बोलणी करते आहे.
ऋजू वळते तेव्हा डोकं आधी जातं,
ती मागून पोहोचते.

मी आंबे भरतो. एकवीस हंगाम झाले.
पेंढा कुठे किती, ते बोटांना ठाऊक आहे.
फळ वजनाने मरत नाही,
हलण्याने मरतं.
डाग पहिल्यांदा देठापाशी दिसतो.

म्हणून ती गाडीतली खुर्ची घरी आली तेव्हा
पुस्तक वृषालीने वाचलं,
मी कडेवरून नुसता हात फिरवत बसलो.
टाळूच्या वर दोन बोटं कवच उरायला हवं.
पट्टा खांद्याच्या रेषेत, नाहीतर जरा खालून,
चिमटीत धरू गेलं तर चिमूट रिकामी यावी.
आत कुंची नको, कापूस फसवतो.
आणि खुर्ची कलती, इतकी
की झोपेत हनुवटी छातीवर पडून श्वास अडू नये.
आमच्या जुन्या गाडीची सीट चित्रातल्यासारखी नव्हती.
पुस्तक म्हणालं, गुंडाळी चालेल.
माझा पंचा खाली सरकवला,
बाजूचा बुडबुडा हिरव्यात येईस्तोवर.

आणि तोंड मागे.

यावरून वाडीत सभा भरली.
"चेडवाक उलटां कित्याक बसयलंस?
तेका रस्तो कसो दिसतलो?" भाईकाका.
"आमची पोरां मांडयेरच वाढली," अनसूयावहिनी.
मला बोलता येत नाही फारसं.
मी एक पिकला आंबा देठाला धरून हिसकला.
फळ खळ्यात, देठ हातात.
दुसरा तळहातावर निजवला, बोटांनी कड धरली,
तसाच हिसकला.
काही झालं नाही.
भाईकाका बघत राहिले.
"एक आंबो फुकट घालवलंस," म्हणाले.

तळेबाजारच्या पुढे उतारावर
एक म्हैस रस्त्याच्या मधोमध
विचार करत उभी होती.
ब्रेक.
पुढच्या सीटवर डॉक्टरांसाठी घेतलेली पेटी,
न बांधलेली (मी, एकवीस हंगामांचा माणूस),
डॅशबोर्डवर फुटली.
आंबे पायांत, आंबे क्लचखाली,
गाडीभर तो वास.
मागे वळायला मला फार वेळ लागला.

खुर्चीची पाठ तिच्या पाठीला, मानेला, त्या एवढ्या टाळूला
सगळीकडून सारखी धरून होती.
ऋजू जागी झाली.
मागच्या काचेतून काहीतरी पाहिलं.
अंगठा पुन्हा तोंडात.
वृषालीचा हात मात्र नांदगावपर्यंत
पट्ट्यावरून निघाला नाही.
आम्ही दोघंही बोललो नाही.
डॉक्टरांना सांगितलं, आंबे पुढच्या खेपेला.

देवगडहून निघताना समुद्र आमच्या पाठीशी असतो,
म्हणजे तिच्या तोंडासमोर.
पवनचक्क्या बारीक होईस्तोवर तीच बघते,
आमच्या वाट्याला पुढचे खड्डे.
परतताना उलट.
सड्यावरून पाणी आधी आम्हाला दिसतं.
मी म्हणतो, ऋजू, समुद्र आला गं,
आणि ती
मागे पडत चाललेल्या करवंदीच्या जाळ्यांना
हात हलवते. टाटा.
जाळ्यांनाच की आणखी कुणाला,
म्हशीला बहुतेक.