पान सतरा

एडविना आत्याच्या खोक्यात एकेचाळीस प्रेमकथा निघाल्या.
सगळ्यांना माशांचा वास. ग्रिम्सबीत तो कशालाही येतो,
तीस वर्षं हॅडॉकचे काटे काढणाऱ्या बाईच्या वस्तूंना तर येणारच.
फिरती लायब्ररी बंद झाली तेव्हा
तिने ती चिल्लर मोजून उचलली होती.

एक मी रात्रपाळीला नेलं,
दोन फोनांच्या मध्ये वाचायला. खरं सांगायचं तर, हसायला.
मुखपृष्ठ गळालेलं, नाव त्याच्यासोबत गेलेलं.
सर्जन थॉर्न वॉर्डात शिरतो
आणि नर्स लिनेटच्या हातून ट्रे पडतो.
(ट्रे एकूण चार वेळा पडतो. मोजलं मी.)

पान बावीस : तो तिचं मनगट धरतो.
पान चाळीस : घट्ट धरतो.
पान एकसष्ट : निळे डाग.
लिनेट ते बाहीखाली झाकते,
रात्री एकटीच कुरवाळते,
त्याच्या बोटांची आठवण म्हणून.

फोन वाजला.

नाव आम्ही विचारत नाही.
ती म्हणाली, तसा तो चांगला आहे.
म्हणाली, मीच उलट बोलले.
म्हणाली, मी सोडून जाईन याची त्याला फार भीती वाटते हो.
मी पुस्तक टेबलावर पालथं घातलं.
पण हे वाक्य मी आत्ताच वाचलं होतं,
तिथे त्याच्यामागे वादळ होतं, खवळलेला समुद्र होता,
इथे टीव्ही चालू होता
आणि टीव्हीतलं कुणीतरी हसत होतं.

तिने फोन ठेवल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.
लाल पेन काढलं.
आता एकेक ओळ सोलायची,
कोण बोलतं, कोणाला गप्प केलंय,
ज्याने हे लिहिलं त्याला समोर बसवून जाब विचारायचा.

आणि आत्या?
बर्फाने सुजलेल्या बोटांनी ही पानं उलटताना
तिला काय मिळत होतं?
एकदा विचारलं होतं मी, शहाणपणाच्या भरात, विशीत.
ती म्हणाली, यात कुणाला मासे कापावे लागत नाहीत.
एवढंच. आणि चहा ओतला.

पान सतरावर पेन अडलं.
आकड्याभोवती पेन्सिलचं वर्तुळ.
बाजूला एक फुली, दोन टिंबं, एक H,
आणि एक चिमुकला मासा, तो आत्याचा.
सगळ्या गोष्टी इतक्या सारख्या
की वाचलेली कोणती ते आठवायचं नाही,
म्हणून व्हॅनमधून पुस्तकं नेणाऱ्या बाया
अशी चोरून खूण करायच्या.
लायब्ररीवाले मिस्टर पॉकलिंग्टन
रबर घेऊन बसायचे म्हणे, दर शनिवारी.

मी परत एकसष्टवर आले.
निळ्या डागांशेजारी, शिवणीत दडपलेलं,
रबराच्या हाती न लागलेलं कुणाचंतरी अक्षर :
*हे पंधरा दिवस राहतात. कुरवाळत कुणी नाही.*
आणि त्याखाली, वेगळ्या हाताने :
*कोण गं तू? मंगळवारी 7 ला व्हॅनच्या मागे थांबते.*

सातच्या पोटावर आडवी रेघ.
तशी रेघ आत्या मारायची, दुधाच्या हिशेबातही.

तिसरी ओळ नाही.
मी शिवण उसवेपर्यंत पाहिलं, नाही.
आली का ती, ठाऊक नाही.
फक्त एवढं आठवतं, आत्याकडे
माळ्यावर एक जादा पलंग असायचा, कायम अंथरलेला,
आणि आम्हा पोरांना त्याच्यावर उड्या मारायची बंदी होती.

पहाटेपर्यंत पुस्तक संपवलं.
शेवटी लिनेट नर्सची टोपी खुंटीला टांगते,
थॉर्न म्हणतो, आता तू माझी,
आणि याला सुखाचा शेवट म्हणतात.
पुस्तक वाईटच आहे. त्यात मी एक शब्द मागे घेणार नाही.

पान सतरावर लाल पेन टेकवलं,
मग उचललं,
आणि खण धुंडाळू लागले
पेन्सिलसाठी.